घड्याळ रोज म्हणतं झोप वाईट: पट्ट्यापासून डॉक्टरांपर्यंतची तपासणी

देवगडात माझं मोबाईल आणि घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी फुटलेल्या काचा आणि उतरलेल्या बॅटऱ्या यायच्या. गेली चार-पाच वर्षं एक नवीनच तक्रार येते, आणि आठवड्यात दोनतीनदा तरी येते. गिऱ्हाईक मनगट पुढे करतं आणि म्हणतं, "ह्यां घड्याळ बघ जरा. रोज म्हणता झोप वायट." वेळ बरोबर असते, पावलं बरोबर मोजलेली असतात, चार्जिंग होत असतं. बिघाड काय तो झोपेच्या आकड्यात.

इतक्यांदा हेच पाहिल्यावर माझा तपासणीचा क्रम ठरून गेलाय. फुकटातलं आधी, कटकटीचं नंतर. त्याच क्रमाने खाली लिहितो.

लक्षणं

- झोपेचा स्कोअर (शंभरापैकी) ५०-६० वर अडकलेला, पण सकाळी उठल्यावर अंग मोकळं आणि दिवस बरा जातो.
- रात्रीच्या आलेखाला मध्येच दोन-तीन तासांचं भोक.
- दिवसाची झोप धरतच नाही. किंवा उलट, मालिका बघत लोळत होतो ती झोप म्हणून नोंदवली.
- गाढ झोप जेमतेम २०-२५ मिनिटं.
- झोपेत नाडी एकदम १४० वर, किंवा ऑक्सिजन ८४-८५.
- घड्याळ घेण्याआधी झोप ठीक होती. आता पहाटे तीनला जाग येते आणि पहिला हात मनगटाकडे जातो.

शेवटच्या लक्षणावाल्यांनी थेट "दहा रात्री घड्याळ काढा" या भागावर उडी मारली तरी चालेल. आणि ज्यांचा स्कोअर चांगला येतो पण घरचे म्हणतात "रात्री तुमचा श्वास अडकतो", त्यांनी पट्टाबिट्टा राहू द्यावा, आधी शेवटचा भाग वाचावा.

घड्याळाला नक्की काय दिसतं

हे कळल्याशिवाय पुढच्या तपासण्या कशासाठी ते कळणार नाही. दवाखान्यात झोपेची खरी तपासणी होते तेव्हा डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी घेतात, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूचा ताण बघतात, नाकाशी हवेची ये-जा मोजतात, छातीला पट्टा बांधतात. मग तंत्रज्ञ रात्रीचे ३०-३० सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला नाव देतो. एवढं करूनही एकाच रात्रीबद्दल दोन जाणकार तंत्रज्ञांचं एकमत ८० टक्क्यांच्या आसपासच होतं.

तुमच्या घड्याळाकडे यातलं फार थोडं असतं. पाठीमागचा हिरवा दिवा कातडीवर प्रकाश टाकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड किंचित कमीजास्त होतो, त्यावरून नाडी. शिवाय हालचाल ओळखणारी एक चिप. मनगट किती हललं आणि नाडी कशी चालली, एवढ्यावरून ते अंदाज बांधतं की आत्ता गाढ झोप असावी, आत्ता स्वप्नांची झोप असावी. मेंदू त्याला दिसत नाही. म्हणून हे यंत्र झोप ओळखण्यात बरं आणि जाग ओळखण्यात कच्चं. छताकडे बघत निपचित पडलेला माणूस त्याच्या लेखी बऱ्याचदा झोपलेलाच असतो.

१. पुसा

दोन मिनिटांचं काम. घड्याळ उलटं करा आणि पाठीमागची काच उन्हात धरा. आपल्याकडे घाम, खारा वारा आणि खोबरेल तेल यांचा मिळून तिथे एक थर बसतो. दिवा त्या थरातून बघतो आणि नाडी चुकवतो. साध्या पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ कापडाने पुसा, कोरडं करा. समुद्रात उतरून आलात तर गोड्या पाण्याने धुवा. जाहिरातीतलं "पाण्यात चालतं" हे बऱ्याचदा गोड्या पाण्याबद्दल असतं. खाऱ्या पाण्याने चार्जिंगच्या पिना हिरव्या पडलेली घड्याळं माझ्या खणात अर्धा डझन पडून आहेत.

२. पट्टा

दहातल्या चार तक्रारी माझ्याकडे इथेच संपतात. लोक घड्याळ बांगडीसारखं घालतात, मनगटाच्या हाडावर लोंबतं. झोपेत हात वळला की काच उचलली जाते, बाहेरचा उजेड आत शिरतो, आणि घड्याळाला वाटतं नाडी उसळली. झोपेतली ती १४० ची नाडी बहुतेक वेळा हीच.

हाडापासून बोटभर वर बांधा. रात्रीपुरतं एक भोक घट्ट, पण खाली करंगळी सरकली पाहिजे. सकाळी कातडीवर पट्ट्याचा वळ उमटत असेल तर जास्त झालं.

इथेच दोन बारकावे. मनगटावर गोंदण असेल तर दुसरा हात वापरा. गडद शाई तोच प्रकाश शोषते. जामसंड्याच्या एका आजींना नातवाने घड्याळ दिलं होतं, ते नाडीच दाखवेना. दोन दुकानं फिरून माझ्याकडे आल्या. उजव्या हातावर घातलं, चाललं. दुसरं, हाताची उशी करून झोपायची सवय असेल तर त्या हातातलं रक्त दबतं आणि ऑक्सिजन खोटाच कमी येतो. कोविडच्या वेळी घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर बहुतेक घरांत कपाटात पडलेला आहे. सेल बदलून त्यावर एकदा पडताळा.

पट्ट्याखाली पुरळ किंवा खाज आली असेल तर मात्र घड्याळ काढा आणि कातडी पूर्ण बरी होऊ द्या. पावसाळ्यात ओल्या पट्ट्याने हे हमखास होतं.

३. सेटिंग

डावा हात की उजवा, वय, वजन हे भरलेलं आहे का बघा. पोराने सेटिंग केलेल्या घड्याळात वडील २२ वर्षांचे असतात, हा माझा नेहमीचा अनुभव. वयाप्रमाणे अपेक्षित नाडी बदलते, म्हणून पुढचं सगळं गणितही घसरतं.

मग झोपेची वेळ. इथे एका पेटीवाल्याची गोष्ट सांगावी लागेल. दशावतारी मंडळात आहे. हंगामात नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते उजाडेपर्यंत, मग टेम्पोत डुलक्या, घरी येऊन साडेसातला आडवा, दुपारी एकला जाग. साडेपाच तास झोप, वर प्रवासातली डुलकी. घड्याळ त्याला ३१, ३८ असे गुण द्यायचं, कारण त्यात झोपेची वेळ रात्री अकरा ते सकाळी सात धरलेली होती. बिचारा म्हणाला, "माका वाटला हार्टचा कायतरी झाला." वेळ बदलून दिली, आकडा सत्तरच्या घरात आला. माणूस तोच, पेटी तीच.

आंब्याच्या बागेत रात्रीची राखण करणारे आणि पहाटे होडी काढणारे यांनाही हेच लागू. काही घड्याळं दिवसाची झोप वेगळ्या खात्यात टाकतात आणि स्कोअरमध्ये धरतच नाहीत, तर काही तीन तासांपेक्षा कमी झोपेचे टप्पेच पाडत नाहीत. आपल्या घड्याळाचा नियम काय आहे ते ॲपच्या मदत-पानावर सापडतं. होडीत झोपलेल्या रात्रीची नोंद तर मी वाचायलाही घेत नाही. हेलकावे आणि इंजिनाची थरथर यांतून मनगट काय सांगणार?

४. चार्जिंग आणि फोन

आलेखातलं भोक बहुतेक इथलं. बॅटरी कमी झाली की घड्याळ बचतीच्या मोडवर जातं आणि सतत नाडी मोजणं बंद करतं. झोपायला जाताना निम्मी बॅटरी तरी हवी. आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून "झोपताना लावू" यावर राहू नका. दिवेलागणीला, अंघोळीच्या वेळी, लाईट आहे तोवर लावून घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवर बॅटरी बचतीचं बंधन असेल तर तेही काढा. फोन मागच्या मागे ॲप बंद करतो आणि नोंद अर्धवट येते.

५. अपडेट

तक्रार नेमक्या कुठल्या तारखेपासून सुरू झाली ते बघा, आणि त्या सुमारास घड्याळाचं अपडेट आलं होतं का तेही. बहुतेक कंपन्या स्कोअरचं गणित उघड करत नाहीत. कोण एकूण तासांना जास्त वजन देतं, कोण नाडीच्या चढउताराला. मी एकदा दोन मनगटांवर दोन कंपन्यांची घड्याळं बांधून झोपलो. सकाळी डावा हात ६१ म्हणाला, उजवा ७९. म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडू नका, आणि अपडेटच्या आधीचा नंतरच्याशीही नाही.

६. भिंतीवरचं कॅलेंडर

इथपर्यंत घड्याळाची तपासणी झाली, आता तुमची. सात दिवस, सकाळी उठल्यावर, घड्याळाकडे न बघता, कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: अंदाजे किती वाजता झोप लागली, किती वाजता उठलात, आणि अंगाला कसं वाटतंय ते दहापैकी. संध्याकाळी चौथी: दिवसा पेंग आली का. आठव्या दिवशी घड्याळाची नोंद शेजारी ठेवा.

घड्याळ आधी बघायचं नाही, हे काटेकोर पाळा. त्याला कारण आहे. २०१४ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. विद्यार्थ्यांना खोटीच यंत्रं लावून सांगितलं की तुमची स्वप्नांची झोप सरासरीपेक्षा चांगली झाली, किंवा वाईट झाली. ज्यांना वाईट सांगितलं ते पुढच्या बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले, प्रत्यक्षात कसे झोपले होते याचा संबंध नव्हता. सकाळी डोळे चोळत तुम्ही ५२ वाचलात की दिवसभर ५२ सारखंच वागता. हे मी काउंटरवर बघतो. बरा हसत येणारा माणूस, आकडा दाखवता दाखवता जांभई देतो.

सात दिवसांच्या तुलनेत चारांपैकी एक चित्र निघतं. कॅलेंडर बरं, घड्याळ वाईट: घड्याळाचा दोष, विसरा. दोन्ही बरी: मग माझ्याकडे कशाला आलात? दोन्ही वाईट: पुढे वाचा. कॅलेंडरवर दिवसभर पेंग आणि घड्याळ मात्र खूश: शेवटच्या भागाकडे जा, हे चित्र सगळ्यांत काळजीचं.

गाढ झोपेच्या २५ मिनिटांबद्दल इथेच सांगतो. मोठ्या माणसाला सात तास किंवा जास्त झोप हवी, आणि त्यातली गाढ झोप साधारण १५ ते २० टक्के, म्हणजे तास-सव्वा तास. ती मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात येते आणि वयानुसार कमी होत जाते. साठीतल्या माणसाने मुलाच्या आलेखाशी बरोबरी करू नये. शिवाय रात्रीत चारपाचदा क्षणभर जाग येणं हे निरोगी माणसालाही होतं, आपल्याला ते सकाळी आठवत नाही इतकंच. घड्याळ ते लाल रेषांनी दाखवतं आणि आपण घाबरतो.

७. खोली, चहा आणि बाटली

दोन्ही नोंदी वाईट असतील तर झोप खरंच बिघडलीय. डॉक्टरांकडे जाण्याआधी घरातलं बघा.

मे महिन्यात किनाऱ्यावर रात्रीचाही पारा सहसा २६-२७ च्या खाली जात नाही, आणि हवा अशी दमट की घाम वाळत नाही. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. घाम वाळला नाही तर ते उतरत नाही. म्हणून उकाड्यात सगळ्या गावाचे आकडे एकदम पडतात, त्यात तुमचा दोष काही नाही. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. थंड नको, कोमट. त्याने कातडीकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते. सुती चादर, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. जुनी माणसं मच्छरदाणी घेऊन पडवीत झोपायची ते उगाच नाही.

चहातल्या कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला निम्मा शिल्लक असतो. जेवणानंतरचा कपभर तर विचारूच नका. दारूबद्दल घड्याळ मात्र खरं बोलतं: झोप लवकर लागते, पण रात्रभर नाडी चढलेली राहते आणि उत्तररात्री झोप तुटत जाते. शनिवारचे आलेख मी लांबून ओळखतो. गिऱ्हाईकाच्या बायकोसमोर काही बोलत नाही.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा पहिले दोन आठवडे खलाशांच्या तक्रारी वाढतात. वर्षभर पहाटे तीनला उठणारं शरीर बंदीचं कॅलेंडर वाचत नाही. रोज एकाच वेळी उठा आणि सकाळी अर्धा तास बाहेर उजेडात काढा, हळूहळू बसतं. गणपतीतल्या भजनांच्या रात्रींचा हिशेब करूच नका.

८. दहा रात्री घड्याळ काढा

खर्च शून्य, पण माणसांना सगळ्यांत जड जातं म्हणून इतक्या खाली ठेवलंय. घड्याळ कपाटात ठेवा, शेजाऱ्याकडे द्या. अगदीच जमत नसेल तर ॲपमधली झोपेची सूचना बंद करा आणि आठवड्यातून एकदाच बघा.

चांगल्या आकड्याच्या ध्यासाने झोप उडणं याला डॉक्टरांनी नावच दिलंय, ऑर्थोसोम्निया. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या झोपेच्या अभ्यासक केली बॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे तीन रुग्ण मांडले. दवाखान्यातल्या तपासणीत गाढ झोप दिसली तरी रुग्ण विचारायचा, मग माझं घड्याळ वाईट का म्हणतं? हे रुग्ण आकडा वाढवायला बिछान्यात जास्त वेळ लोळत राहत. उलटाच परिणाम. झोप येत नसताना बिछान्यात पडून राहिलं की बिछाना म्हणजे जागरणाची जागा, असं शरीर शिकतं.

एका शिक्षिका बाईंना मी हेच सांगितलं तर रागावल्या. "पाच हजारांचं घड्याळ आणि तू काढून ठेवायला सांगतोस?" दहा दिवसांनी आल्या त्या नुसत्या गप्पा मारायला. घड्याळ आता शाळेत वेळ बघायला वापरतात.

दहा रात्रींनी झोप सुधारली तर दोष सापडला. नाही सुधारली तर माझं काम संपलं.

इथे थांबा

घड्याळाबाबत: पाठ उचलली असेल, काच फटीतून वर आली असेल, तर बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, रात्री हाताला तर मुळीच नको. घरी उघडायचा प्रयत्न करू नका, दुकानात आणा.

शरीराबाबत मी दुरुस्तीवाला आहे, डॉक्टर नाही, म्हणून यातलं काही असेल तर घड्याळात काहीही दिसत असलं तरी डॉक्टरांकडे जा: मोठ्याने घोरणं आणि मध्ये श्वास थांबून गुदमरल्यासारखं उठणं, सकाळी डोकं दुखणं, तोंडाला कोरड, औषध घेऊनही न उतरणारा रक्तदाब, गाडी चालवताना डोळा लागणं, बोटाच्या ऑक्सिमीटरवरही वारंवार ९० च्या खाली आकडा, नाडी अनियमित असल्याची सूचना पुन्हा पुन्हा येणं, आठवड्यातून तीन रात्री झोप न लागणं आणि असं तीन महिने चालणं. छातीत दुखलं किंवा दम लागला तर सकाळची वाट बघायची नाही. मन इतकं खचलं असेल की जगणं नको वाटतंय, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फुकटचा क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

आंबा घेऊन रात्री वाशीला जाणारा एक चालक माझ्याकडे फक्त पट्टा बदलायला आला होता. स्कोअर ८८. सोबत बायको होती. ती म्हणाली, "ह्येंचो श्वास मधीच बंद पडता, मी हलवून उठवतंय." मी पट्टा बदलला आणि पैसे घेतले नाहीत, आधी डॉक्टरांकडे जा म्हटलं. कोल्हापुरात रात्रभराची तपासणी झाली. तासाला ३४ वेळा श्वास अडखळत होता. पाचाच्या वर गेलं की दोष धरतात आणि ३० च्या वर तीव्र. आता झोपताना नाकावर हवेच्या दाबाचं यंत्र लावतो. तपासणी होऊन यंत्र बसेपर्यंत त्याने रात्रीची गाडी सोडली होती, हंगाम असूनही.

काही महागड्या घड्याळांत आता श्वासाच्या अडथळ्याची सूचना देणारी सोय आहे. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये सॅमसंग आणि ॲपलच्या अशा सोयींना मान्यता दिली. पण त्या फक्त मध्यम ते तीव्र दोषाची शंका दाखवतात, निदान करत नाहीत. आणि सूचना आली नाही म्हणजे दोष नाही, असंही नाही.

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. ते गरजेप्रमाणे कान-नाक-घसा किंवा छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवतील. निव्वळ निद्रानाश असेल तर झोपेच्या गोळीआधी सवयी आणि विचार बदलण्याचे उपचार असतात, त्याबद्दल स्वतःहून विचारा. दुकानातून उधारीवर झोपेची गोळी आणून घेऊ नका, विशेषतः घोरणाऱ्यांनी, कारण काही गोळ्यांनी श्वास आणखी मंदावतो.

जाताना घड्याळाचे शंभर स्क्रीनशॉट नेऊ नका. कॅलेंडरचं ते पान न्या, चालू औषधांची चिठ्ठी न्या, आणि रात्री त्याच खोलीत झोपणारं माणूस सोबत न्या. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, आणि डॉक्टर पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारतात.